चायनीजच्या गाडीवरची घोरपड

सानपाड्याच्या बसच्या रांगेत सुनयनाच्या पुढे इंद्रजित आणि पेंटर हौसेराव ओला बोर्ड धरून उभे होते. संध्याकाळी इंद्रजितच्या चायनीजच्या गाडीचं उद्घाटन होतं. सुनयना ऐकत नसल्यासारखं दाखवत होती.

"पेंटर, मी ड्रॅगन सांगितला होता. ही पाल आहे."

"पाल? नखं बघा की! आमच्या साताऱ्याकडची घोरपड हाय ही. कड्याला धरलं की दोन गडी लोंबले तरी सुटत न्हाई."

"लोकांना पालच दिसणार! नूडल्समध्ये पडली म्हणतील. खाणार कोण?"

"तोंडातनं आग काढू?"

"मग पालीला ॲसिडिटी झाली म्हणतील."

सुनयनाच्या मागून वेणूबाई म्हणाल्या, "आरं, हिला मिशा रंगव. पालीला कुठं मिशा असत्यात?"

हौसेरावांनी पिशवीतून ब्रश काढला आणि रांगेतच झुपकेदार मिशा ओढल्या.

"मावशी, खरं सांगा. आता पाल दिसते?" इंद्रजितने विचारलं.

वेणूबाईंनी बोर्डाकडे पाहिलं आणि लगबगीने डोक्यावर पदर घेतला.

"न्हाई रं बाबा. आता आमचं मामंजी दिसत्यात."

"मग याल ना खायला?"

"मामंजींनी वाढल्यावर नको म्हणायची टाप हाय का माजी?"