लाल पानांचं पाणी

(अबेओकुटा, नायजेरिया. पानंमुळ्या विकणाऱ्या बाईचं मागचं अंगण, चुलीवर दोन पातेली. थोरली लेक मोरेनिके आत्ताच माहेरी आली आहे. धाकटी वुराओला भाजी निवडते आहे.)

मोरेनिके : आणि हे लाल पाणी कुणासाठी उकळतंय?

आई : ज्वारीची लाल पानं आहेत. नवीन बघितल्यासारखं काय करतेस?

मोरेनिके : पानं दिसतायत. पिणारा कोण, ते विचारतेय.

वुराओला : बोलाजी. ताई, लगेच सुरू होऊ नकोस.

मोरेनिके : म्हणजे तोही सिकलसेलचा वाहक निघाला. तू वाहक, तो वाहक. छान. अगदी माझी नि अदेवालेची जोडी.

आई : निघाला होता. माझं पाणी प्यायला, परत रक्त तपासलं, तर स्वच्छ. पास्टरनी तपासणीची चिठ्ठी बघून लग्नाची तारीखसुद्धा दिली.

मोरेनिके : तपासलं कुठे?

वुराओला : मोटारस्टँडजवळ.

मोरेनिके : तो मोबाइल दुरुस्त करणारा? आता रक्तही दुरुस्त करतो वाटतं.

आई : हस. अर्ध्या बाजाराच्या अंगात रक्त माझ्या पानांनी आलंय.

मोरेनिके : येत असेल. जन्माचं रक्त त्याने बदलत नाही. अदेवालेलाही हेच पाजलं होतंस. आम्हीपण अशीच चिठ्ठी नाचवत लग्न केलं. मग अयोका झाली, दोघांचंही सिकल घेऊन.

आई : आणि त्या अयोकाला जगवतंय कोण? मी धाडते ती तुरीची डाळ, ती उगूची पालेभाजी. पाऊस सरल्यापासून पोरीची हाडं दुखली का एकदा तरी?

मोरेनिके : रोज सकाळी हॉस्पिटलची गोळी देते मी तिला. तुला सांगितलं नाही. सांगून काय, तिचंही श्रेय पानांनाच दिलं असतंस.

आई : म्हणजे माझं रांधणं फुकट गेलं.

मोरेनिके : असं कोण म्हणालं? डॉक्टरच म्हणतात, आजीच्या हातचं आवडीने खाते ना, मग खाऊ दे, ताकद राहील. पण गोळीच्या जोडीला. त्यावर लग्नं जुळवा, असं नाही म्हणाले.

वुराओला : ताई, आईचं ऐकलं नसतंस, तर भावजींशी लग्न केलं असतंस?

मोरेनिके : नसतं केलं.

वुराओला : मग अयोका नसती.

मोरेनिके : नसती. आणि आता तिच्यावाचून मला घास उतरत नाही. म्हणून तर जीव तुटतो गं. अंग ठणकायला लागलं की मला विचारते, आई, माझं काय चुकलं? काय सांगू तिला? आजीने पातेलं चढवलं होतं म्हणून?

आई : हे अयोका विचारते?

मोरेनिके : दर वेळी.

वुराओला : आई, बोलाजी येईल आता बाटली न्यायला.

आई : येऊ दे. मोठ्या हॉस्पिटलात परत तपासून ये, मीच सांगते त्याला.

वुराओला : आणि तिथेही वाहकच निघाला तर?

आई : तर तारीख मोडायला पास्टरांकडेही मीच जाईन. ते लाल पातेलं उतरव. चूल राहू दे, अयोकाची डाळ अजून शिजायचीय.