काकांच्या खांद्याचं पातं

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी बसून होते. चाकांच्या खुर्चीतल्या बायकोला ढकलत एक काका पडद्याआड गेले. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

“काका, शर्ट काढून दोन्ही हात सावकाश वर न्या. काकू, बघा, उजवं पातं कसं पंखासारखं बाहेर येतंय! काका, जड काही उचलता का?”

“छे, काहीच नाही.”

“अहो, खोटं कशाला बोलता? मला रोज पलंगावरून खुर्चीत कोण ठेवतं?”

“त्यांनी जड म्हणून विचारलं ना!”

“काका, आता उचलणं बंद.”

“मग मला शिकवा बाई, माझं मी खुर्चीत सरकायला.”

“अगं, पडशील!”

“पुढ्यात उभे राहा. पडलेच तर तुमच्या अंगावर पडेन.”

“मग हरकत नाही.”