भाडेकरू बायकोवाला पायजे

भाडेकरू ठेवायची गोष्ट माझ्याम्होरं काढू नगा गड्या, डोकं फिरतं. लढाई संपली, पलटणीतनं सुटून आलो आणि साठलेल्या पगारात माधवनगरला गिरणीजवळ दोन खोल्या बांधल्या. पयलाच आला गणपा, मागावरचा कामगार, सडाफटिंग. म्हणलं, "एकट्या गड्याला खोली देत न्हाई. लगीन कर, मग ये."

चार दिसांनी त्याचा व्हणारा सासरा माझ्या दारात. "आवं, घर न्हाई तर पोरगी देत न्हाई म्हणलो, तर ह्यो म्हणतो पोरगी न्हाई तर मालक घर देत न्हाई. आता तुमीच सांगा."

काय सांगणार? म्हणलं, द्या पोरगी, दिली खोली. अक्षता टाकायलाबी जाऊन आलो.

नवरी आली ती उंबऱ्यातच थांबली. "मालक, मोरी कुठाय?"

मोरी बांधली. मग म्हणली, "चुलीचा धूर कुठनं जायचा?" कौलं काढून धुराडं केलं. मग फडताळ, मग खुंट्या, मग पाणी ठेवायला दगडी कट्टा. माझ्या बायकोनं जन्मात मला येवढी कामं लावली न्हाईत. शेवटी वैतागून गणपाला इचारलं, "काय रं, तुला एकट्याला काय लागलं असतं?"

"मला व्हय? पाठ टेकायला जागा."

दुसरी खोली अजून रिकामीच हाय. परवा एक जण आला, हसत म्हणला, "मालक, काळजी नगं, माझं लगीन झालंय."

म्हणलं, "मग फुडं बघ बाबा."