पत्रा फोडून पडलेलं लोखंड

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान संचालकसाहेब, विद्यापीठातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांच्या बाई, त्यांचे यजमान, त्यांची कन्या, संग्रहालयातले माझे सहकारी आणि सभागृहात जमलेल्या स्नेहीजनहो, आपणा सर्वांना माझा सादर नमस्कार.

निरोपाच्या दिवशी माणसाविषयी चांगलं बोलायचं असतं. माझी अडचण अशी आहे, की बाईंविषयी चांगलं बोलायचं तर मला स्वतःविषयी बरंच वाईट बोलावं लागणार. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरतो.

खनिज विभागात बाईंनी एकतीस वर्षं काढली. लोक यायचे, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "उल्का आहे. आकाशातून पडली." असे सोळाशेच्या वर नमुने बाईंनी तपासले. खरे किती निघाले? तीन. बाकीची भट्टीतली मळी, यंत्रांचे तुकडे, एकदा तर गंजलेलं वजनाचं माप! पण बाई कुणाला कधी हसल्या नाहीत. आधी खुर्ची द्यायच्या, मग पाणी, आणि मग नकार. तो नकार इतका स्वच्छ असायचा, की समोरचा वाद घालायचं विसरून जायचा.

मी नोकरीला लागून आठ महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. म्हणजे बावीस वर्षं झाली. बाई परिषदेसाठी परगावी गेलेल्या. सकाळी अकराच्या सुमारास एका निवृत्त बसड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, घराचा पत्रा फोडून लोखंड पडलंय." मी धावतच गेलो. मुठीएवढा काळपट निळसर तुकडा, आकाराच्या मानाने चांगलाच जड, अंगावर अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे. लोहचुंबक लावला, तो टक्कन चिकटला. ड्रायव्हरकाकांच्या पत्नी, म्हणजे काकू, येईल त्याला भाजलेलं बोट दाखवत होत्या. "उचलायला गेले तर चटका बसला हो! आणि त्याच्या दोनच मिनिटं आधी मी तिथंच इस्त्री करत उभी होते."

आकाशातून आगीसारखं आलेलं लोखंड, मग चटका बसणारच! मला तेवढं पुरलं. शेजारी एक वार्ताहर उभा होता. त्याने विचारलं, "किती खात्री आहे?" मी म्हणालो, "नव्याण्णव टक्के."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर माझा फोटो. हातात तुकडा, चेहऱ्यावर असं तेज, की जणू तो मीच पाडला होता. संग्रहालयात काचेची पेटी पुसून तयार झाली. काकांच्या गल्लीत बघ्यांची रांग लागली. काका प्रत्येकाला पत्र्याचं भोक दाखवायचे आणि काकू चहा करून करून थकल्या.

तिसऱ्या दिवशी बाई स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत आल्या. हातातली बॅगसुद्धा ठेवली नव्हती. "आणा इकडे," म्हणाल्या. भिंग घेतलं नाही. डोळे मिटून तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी तो थांबला.

"इथे हात लावा."

मी लावला. सगळी कड ओबडधोबड, पण तेवढ्या भागाला पेल्याच्या काठासारखी गुळगुळीत गोलाई होती.

"हे अर्धं भोक आहे," बाई म्हणाल्या. "बोल्ट बसवायला पाडलेलं."

मी मान्य करायला तयार नव्हतो. मग त्यांनी मलाच परीक्षा घ्यायला लावली. आकाशातून येणाऱ्या लोखंडात निकेल हा धातू असतोच असतो. कोपरा घासायचा, कापसाने रसायन लावायचं, निकेल असेल तर कापूस गुलाबी होतो. माझा कापूस पांढराच राहिला. मी पुन्हा केलं. पुन्हा पांढरा. तिसऱ्यांदा बाटली उघडली तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "कापसाचा काही दोष नाही."

"पण बाई, चटका बसला त्याचं काय?"

"तिथंच तर तुम्ही फसलात. उल्का काही सेकंद तापते, तीही वरच्या कातडीपुरती. एवढासा तुकडा खाली येईपर्यंत निवतो. हा गरम होता, म्हणजे जवळून आला."

मला वाटलं, झालं, प्रकरण मिटलं, आता फक्त माझी शोभा व्हायची बाकी आहे. पण बाई उठल्या. "चला. चपला घाला."

"कुठे?"

"आकाशातून आलं नाही, म्हणजे कशाने तरी फेकलं. आणि ज्याने फेकलं ते अजून चालू असणार."

मंडळी, सोळाशे लोकांना 'नाही' म्हणणारे तज्ज्ञ मिळतील. 'नाही' म्हटल्यावर चपला घालणारे किती मिळतील?

काकांच्या घरी पोचल्यावर बाईंनी काकूंकडे शिवणाचा दोरा मागितला. फरशीवरच्या खड्ड्यापासून पत्र्याच्या भोकापर्यंत तो ताणून धरला. दोरा सरळ वर जात नव्हता, तिरका जात होता. बाई शिडीवर चढल्या, भोकातून त्याच दिशेने पाहिलं आणि विचारलं, "तिकडे काय आहे?"

"लाकडाची वखार," काका म्हणाले. "नवीन मशीन आणलंय. ओंडके टाकले की चुरा करतं."

"आणि मध्ये?"

"मध्ये बालवाडीचं अंगण."

बाई शिडीवरून कशा उतरल्या ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी त्यांच्या मागे पळत होतो.

वखारीत मशीन धडधडत होतं. मुकादमाने तुकडा पाहिला आणि बिनदिक्कत सांगितलं, "हा तर आमचाच. ओंडके ठेचणारी आतली एक हातोडी तुटली होती. दुसरी बसवली."

"बाकीच्या तपासल्या?"

"त्या चालताहेत की."

"मशीन बंद करा."

"मालकांना विचारावं लागेल."

"जरूर विचारा. तोवर बंद ठेवा."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या. लिहून देते." पर्समधून कागद काढून त्यांनी तिथेच ओंडक्यावर बसून लिहून दिलं, खाली सही केली, हुद्दा घातला. खरं सांगायचं तर वखारीचं मशीन थांबवण्याचा त्यांना काडीचा अधिकार नव्हता. पण ती सही पाहून मुकादमाचा हात बटणाकडे गेला. मशीन उघडलं. उरलेल्या तेवीस जुन्या हातोड्यांपैकी दोन आरपार तडकल्या होत्या. एक तर हाताने हलत होती. भिंतीपलीकडून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता.

परतताना काकांना सांगणं भाग होतं. त्यांचा चेहरा पडला. "पण पेपरात आलंय ना, उल्का म्हणून?"

बाई म्हणाल्या, "पेपरात आमची चूक आली आहे, काका." आमची! त्या वेळी त्या दोनशे मैल दूर होत्या.

काकू मात्र म्हणाल्या, "बरंच झालं. आकाशाला कुठे मशीन बंद कर म्हणून सांगता आलं असतं?"

संध्याकाळी बाईंनी फोन माझ्यापुढे सरकवला. "वार्ताहराशी कोण बोलणार?" मी बोललो. उल्का नव्हती, मी चुकलो, असं स्पष्ट सांगितलं. मग अहवाल टाइप होऊन आला आणि पाहतो तर तपासणाऱ्यांच्या नावांत पहिलं नाव माझं! मी म्हणालो, "बाई, हे बरोबर नाही. मी तर चुकलो होतो."

त्यांनी वर न बघता सही केली. "म्हणूनच. चूक तुमच्या नावाने छापून आली, मग दुरुस्तीवरही तुमचंच नाव हवं. नाहीतर जन्मभर लोकांना तुम्ही फक्त चुकलेलेच आठवाल."

बाई, तो अहवाल घेऊन मी ताठ मानेने घरी गेलो होतो. आज या विभागाची जबाबदारी माझ्याकडे देताना तुम्हाला काळजी वाटत असेल, तर खुशाल निर्धास्त व्हा. तुम्ही मला शिकवलंय.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आपला मनापासून ऋणी आहे. भावनेच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल किंवा शब्द कमीजास्त झाला असेल, तर तो मोठ्या मनाने पोटात घालावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो. नमस्कार.