आठ किलो शंभर

नाही ताई, काट्यात काही खोट नाही — तिसऱ्यांदा करून बघतोय. तुमच्या गॅलरीचा हा निखळलेला तुकडा, कालपासून भिजवलेला, पुसून ठेवला — एकोणीसशे ग्रॅम. आता तारेला टांगून पाण्यात बुडवला — नऊशे. मधले हजार गेले कुठे? जातायत कुठे, पाण्याने उचलून धरले. म्हणजे तुकड्याने एक लिटर जागा अडवली. त्या एका लिटरात एकोणीसशे ग्रॅम — आणि चांगलं काँक्रीट असतं तर भरले असते चोवीसशे. मग आत काय आहे? पोकळ्या. नुसत्या पोकळ्या. आणि सासूबाई तिथंच उन्हाला बसतात म्हणालात ना?

बांधताना तपासलं नव्हतं का — असं कसं? तपासलं की. इथंच, याच टेबलावर. स्लॅब ओतताना त्याच मालाचे ठोकळे पाडतात, महिन्याने ते आमच्या या प्रयोगशाळेत — वजन मी करायचं, मग साहेब यंत्रात दाबून फोडणार. चांगला ठोकळा आठ किलो शंभर भरतो, नेहमीच, थोडं इकडेतिकडे. वीस वर्षं एकच आकडा लिहिला ना, की हात आपला आपण लिहितो. मी तर सकाळीच वजनाचे रकाने भरून ठेवायचो, ठोकळे पाण्याच्या टाकीतून काढायच्या आधी — सगळेच भरतात हो! म्हणजे... तुमच्या इमारतीचेही तसेच भरले. ठोकळे उचलताना हलके लागले होते, खोटं कशाला बोलू? पण शाईने लिहून झालेलं, खाडाखोड चालत नाही इथं. दाबल्यावर लवकरच फुटले, तेव्हा साहेबांनी माझा आकडा बघितला. म्हणाले, वजन तर उत्तम आहे, माल चांगलाच असणार, ठोकळा वाकडा बसला असेल यंत्रात. केले पास. माझ्या आकड्यावर, ताई. मी तिथंच उभा होतो — पुढचा ठोकळा उचलून यंत्रात ठेवला.

लेखी? देतो. द्यायलाच हवं — निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, घरी मुलीचं... जाऊ दे ते. तुम्ही आधी घरी फोन लावा, सासूबाईंना आत बसवा. आत्ताच्या आत्ता. उचलत नाहीत? परत लावा ना! शेजारी कुणी — थांबा. जिन्यात बूट वाजले. साहेब आले.

कसला तुकडा, बाई? इथं खासगी तपासणी होत नाही. उचला तो टेबलावरून. या तुम्ही. काही नाही साहेब, चुकून आल्यात या.