वाढत्या मापाचे बूट

गुणवंत: एक लक्षात घ्या, परशुरामशेठ. वाढत्या लेकराला मापाची वस्तू घेणं म्हणजे त्याच्या भविष्यावर अविश्वास दाखवणं.

परशुराम: म्हंजे दोन नंबर मोठे पायजेत.

गुणवंत: तीन.

रुचिता: बाबा!

गुणवंत: तू बोलू नकोस. तू वाढते आहेस.

परशुराम: साहेब, हे घोऱ्यावर बसाचे बूट हायेत. शालेचा गणवेश न्हाय, खाली दुमडून टाका मारायला.

गुणवंत: तत्त्व तेच. माझ्या लग्नातला कोट घ्या. पुढे अंग भरेल म्हणून वडिलांनी ऐसपैस शिवून घेतला होता.

परशुराम: लगीन कवाचं?

गुणवंत: सत्त्याहत्तरचं. चौदा वर्षं झाली.

परशुराम: आन् भरलं अंग?

गुणवंत: अजून जागा आहे.

रुचिता: काका, मागच्या रविवारी घोडेस्वारीच्या वर्गाला मोठेच बूट घालून गेले होते मी. आत पेपर कोंबून. जमादारसरांनी सगळ्यांसमोर काढायला लावले. डाव्यातून रविवारची पुरवणी निघाली.

गुणवंत: उजव्यात अग्रलेख होता. तो जागचा हलला नाही.

रुचिता: मग मला बाजूला उभं केलं. बाकीची पाच मुलं बादशहावर बसली आणि मी नुसती बघत होते. शाळेनं सहाच जण निवडलेत, काका. या रविवारी पण बूट नीट नसले ना, तर माझी जागा स्वप्नालीला. ती तर आत्तापासून चालताना टाच आपटते.

परशुराम: जमादार बरोबर बोलला. मोठा बूट रिकिबीत अडकतं. पोर पडली, घोरा पलाला, तर पाय सुटत न्हाय. आमच्याकडं नऊ घोरे व्हते, वरातीला देत व्हतो, शूटिंगला देत व्हतो. माझा भाऊ लवू, असाच बापाचा बूट घालून बसला. घोऱ्यानं त्याला या हाटकेशपासून पार मिठागरापर्यंत वढत नेला.

गुणवंत: मग?

परशुराम: मग काय? जिता हाय. पन तवापासून सायकलवर पन बसत न्हाय.

गुणवंत: रुचिता, आपण कॅरमचं बघू या का? कॅरमला बूट लागत नाहीत.

रुचिता: बाबा, तुम्ही प्रॉमिस केलंय.

गुणवंत: तेव्हा मला लवू माहीत नव्हता.

परशुराम: घाबरू नका, साहेब. मापाचा बूट असला का सुटतंय पाय. पोरी, तुमचा घोरा कसा हाय? लाथ मारतं?

रुचिता: नाही.

परशुराम: चावतं?

रुचिता: कोणालाच नाही.

परशुराम: बुजतं काय? ट्रक गेला, फटाका वाजला?

रुचिता: हलत पण नाही.

परशुराम: लय म्हातारा हाय काय?

गुणवंत: जमादारांसारख्या पोलिसातल्या माणसाच्या हाताखाली आहे हो, शिस्त असणार. मी पाहिलेला नाही. पालकांना फाटकाबाहेर उभं करतात.

परशुराम: बरं, हा घाल. उभी राहा. अंगठा हलतंय?

रुचिता: हलतोय. टाच पण घट्ट आहे. बाबा, बघा ना!

गुणवंत: बघतोय. इतका मापाचा आहे की भीती वाटते.

परशुराम: भीती कसली?

गुणवंत: तुम्ही हसाल. मोठी वस्तू घेतली की मला वाटतं, ती पायाला येईपर्यंत तरी पोरीला काही होणार नाही. आमच्या वडिलांचंही तेच असावं. मी लहानपणी सारखा आजारी असायचो.

परशुराम: हसत न्हाय, साहेब. ती फली बघा. घोरे गेले, बूट राह्यले. लहान पोराच्या मापापासून मानसाच्या मापापर्यंत सात जोर हायेत. आज हा न्या. पाय वाढला का हा परत आना, पुढचा न्या. पैसे एकदाच.

गुणवंत: एकदाच? सगळ्या मापांचे?

परशुराम: घोरेच न्हाईत तर बूट काय मी घालू?

गुणवंत: म्हणजे एकाच किमतीत मापाचेही आणि वाढते पण! परशुरामशेठ, ही सोय माझ्या वडिलांना सुचायला हवी होती.

रुचिता: आणि टोपी? शेजारच्या अभिनवदादाचं स्कूटरचं हेल्मेट नाही चालत. मी मान वळवते, ते वळत नाही.

परशुराम: ही घे, पट्ट्याची. ही मातर बदलून न्हाय मिलनार. एकच हाय.

गुणवंत: मग ही तरी जरा मोठी...

परशुराम: डोकं लय वाढत न्हाय, साहेब.

गुणवंत: खरंय. आमच्या ऑफिसात सगळे पुरावे आहेत. पँटच्या गुडघ्यांना हिची आई आतून ठिगळं लावतेच आहे. म्हणजे झालं की सगळं!

परशुराम: पोरी, रंग कंचा हाय तुझ्या बादशाचा? आमचाच एखादा इकलेला असंल.

रुचिता: निळा.

गुणवंत: निळा?

रुचिता: पिंप आहे ना, बाबा. दोन खांबांच्या मधे आडवं बांधलंय. वर खोगीर, बाजूला रिकिबी. चुन्यानं बादशहा असं लिहिलंय.

गुणवंत: आणि पडलीस तर?

रुचिता: खाली वाळू आहे.

गुणवंत: परशुरामशेठ, जरा पाणी मिळेल?

परशुराम: घ्या. बसा थोरं.

गुणवंत: पिंप! तीन आठवडे माझा डोळ्याला डोळा लागला नाही. वा. उत्तम जनावर आहे.

रुचिता: खरा घोडा दिवाळीनंतर.

परशुराम: दिवालीला पाच म्हयने हायेत. तवर हे बूट तिला व्हनार न्हाईत.