झुरळांना जेल

चहा घ्या, सांगतो. आमच्या नातीला, मुक्ताला, सारखा खोकला यायचा. बोलताना मध्येच धाप लागायची. हडपसरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “आजोबा, हिला झुरळांची ॲलर्जी आहे.”

“आमच्या घरात झुरळं नाहीत,” मी म्हणालो.

“आहेत,” सोबत आलेली सून म्हणाली. “तुमच्या कॉटखालच्या रद्दीत.”

सून चारचौघांत माझ्यापुढे तोंड उघडत नाही. उघडलं, म्हणजे खरंच असणार.

बाई म्हणाल्या, “रद्दी काढा. खरकटं झाकून ठेवा, रात्री सिंक कोरडं करा. फवारा मारू नका, त्यानंही हिला त्रास होईल. जेल करून घ्या.”

“जेल? बाई, गुन्हा मोठा आहे, मान्य. पण त्यांना डांबून पोसायचं कशाला? घरात चप्पल आहे.”

बाई टेबलावर डोकं टेकवून हसल्या. सूनही हसली. मग कळलं, जेल म्हणजे फटीत लावायचं औषध. झुरळ ते खातं आणि मरतं. तसं आधी सांगायचं.

महिन्याभराने पुन्हा दाखवायला गेलो.

“काय मुक्ता, गेली का झुरळं?” बाईंनी विचारलं.

“आजोबांनी नुसते डोळे वटारले, तर सगळी झुरळं जिना उतरून, रस्ता ओलांडून, थेट कात्रजला पळाली!”

खरं तर काम औषधाचं. पण पोरगी कितीतरी दिवसांनी एवढं लांब वाक्य न खोकता बोलली होती. मी कशाला मध्ये बोलू?